तुम्ही विचारलंत म्हणून: पणजोबांचं शाळेतलं बक्षीसपत्र, म्हणजे शाबासकीचं सर्टिफिकेट, लॅमिनेट करून घेऊ का?

नको.

एवढ्यावर उत्तर संपलं असतं. पण हा प्रश्न बहुतेक वेळा एकाच वाटेने येतो. बडोद्याच्या रावपुऱ्यातलं किंवा दांडिया बाजारातलं जुनं घर पाडायला काढलं, माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली आली आणि तळाशी पणजोबांचं शाळेतलं बक्षीसपत्र निघालं. सोबत कापडाच्या ताग्यांवरची रंगीत तिकिटं, काड्यापेट्यांचे छाप, साबणाच्या जाहिरातीचं एखादं कार्ड. मग बक्षीसपत्र लॅमिनेशनला जातं आणि बाकीचं सगळं पस्तीत, म्हणजे रद्दीत. दोन्ही चूक, पण दुसरी चूक मोठी. तिला लॅमिनेशनएवढी दाद-फिर्यादसुद्धा उरत नाही.

लॅमिनेशनमध्ये कागद शंभर अंशांच्या वरच्या उष्णतेतून जातो आणि प्लास्टिकवरचा गोंद वितळून थेट त्याच्या तंतूंत शिरतो. तो पुन्हा निघत नाही. त्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला कागद पुष्कळदा लाकडाच्या लगद्याचा आणि तुरटी-राळेची खळ दिलेला, म्हणजे अंगचाच आम्लधर्मी. ते आम्ल आत कोंडलं जातं आणि कागद प्लास्टिकच्या आत कुरकुरीत होत राहतो. "मग सरकारी अभिलेखागारात करतात ते काय?" असा प्रतिप्रश्न हमखास येतो. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने रुजवलेली पद्धत वेगळी आहे. तिच्यात सेल्युलोज ॲसिटेटचा पातळ पापुद्रा आणि टिश्यू कागद ॲसिटोनने चिकटवतात. उष्णता लागत नाही, आणि गरज पडली तर ॲसिटोननेच तो सोडवताही येतो. नाव एक असलं तरी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातला प्रकार हा नव्हे.

तेव्हा आधी कागद उलटा करा. बक्षीसपत्राची दर्शनी बाजू सगळे बघतात, खरी माहिती पाठीवर असते. खिळ्यांनी, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांनी, छापलं असेल तर अक्षरांचा दाब पाठीवर बोटाला लागतो. शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेलं, असेल तर पाठ सपाट. नाव कुठल्या शाईने लिहिलंय तेही पाठच सांगते. हिराकस (लोहाचा क्षार) आणि मायफळाची शाई काळाने तपकिरी होते, कागद खाते आणि मागे उमटते. बोरूने लिहिलेली काजळीची शाई काळीभोर राहते आणि मागे डोकावत नाही, मात्र पाणी लागलं की पसरते. म्हणून दोन्हींना ओल्या फडक्याने पुसणं वर्ज्य. हिराकशीच्या शाईत तर ओलाव्याबरोबर लोह आजूबाजूला सरकतं आणि प्रत्येक अक्षराभोवती पिवळट वलय धरतं. मागे कुणी मोडीत वाण्याचा हिशेब लिहिला असेल तर तो खोडू नका. कागद त्या घरात होता याचा तोच पुरावा.

मग तारीख. बडोद्यात शके, संवत आणि इसवी असे तिन्ही सन भेटतात. शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते पाडवा या काळात ७९. संवतात खरी फसगत होते, कारण गुजरातेत संवताचं वर्ष कार्तिकात बदलतं, उत्तरेत चैत्रात. शके १८१२ चा ज्येष्ठ म्हणजे १८९०. गुजराती गणतीने संवत १९४६ चा ज्येष्ठही १८९०, पण उत्तरेच्या गणतीने तोच १८८९. सर्टिफिकेटवर गुजराती मजकूर असेल तर बहुधा ५६ वजा करा आणि फक्त दिवाळी ते डिसेंबरअखेर ५७.

बिरुदंही मदतीला येतात. तिसरे सयाजीराव १८७५ मध्ये गादीवर आले आणि २८ डिसेंबर १८८१ रोजी त्यांना पूर्ण अधिकार मिळाले. 'फर्जंद-इ-खास-इ-दौलत-इ-इंग्लिशिया' हे त्यांचं बिरुद १८७७ च्या दिल्ली दरबारातलं. त्याआधीची तारीख आणि वर हे बिरुद, असा कागद कुणी दाखवला तर नमस्कार करून परत द्या.

अस्सल की नक्कल, हे बघायला दोन वस्तू पुरतात. दहापट भिंग आणि नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा टॉर्च. एंगेलमान या मुद्रकानं १८३७ मध्ये पेटंट घेतलेल्या रंगीत शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळी शिळा लागे. भिंगाखाली हाताने टिंबलेले, वेडेवाकडे ठिपके दिसतात आणि कडेला एखादा रंग केसभर सरकलेला असतो. त्याऐवजी ओळीत बसलेले सारखे ठिपके, किंवा त्यांची फुलासारखी वर्तुळं दिसली तर ती अलीकडची चाररंगी छपाई. टॉर्चखाली कागद निळाभोर उजळला तर त्यात चकाकी आणणारं रसायन आहे. ते कागदात सरसकट यायला लागलं विसाव्या शतकाच्या मध्यावर. जुना कागद टॉर्चखाली मंद, पिवळसर राहतो. या परीक्षेने बरीच 'राजेशाही' सर्टिफिकेटं मिनिटभरात गळतात. 'मेड इन जर्मनी' असा शिक्का असलेली वस्तू तर साधारणपणे १८८७ च्या ब्रिटिश व्यापारचिन्ह कायद्यानंतरचीच समजा.

बक्षीसपत्रं आणि जाहिरातीची कार्डं जमवणारे पुष्कळदा एकच असतात, याचं काहींना नवल वाटतं. मुळात ही दोन्ही भावंडं. मद्रासच्या अनाथालयात अँड्र्यू बेलने मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवण्याची पद्धत बसवली. तिकडे इंग्लंडात त्याच धर्तीवर चालणाऱ्या जोसेफ लँकेस्टरच्या शाळांत चांगल्या मुलाला छापील तिकिटं मिळत आणि ती साठली की बक्षीस. अमेरिकेत मुद्रकच रंगीत चित्रांची कोरी कार्डं छापून ठेवत. मास्तर त्यावर मुलाचं नाव घाली, दुकानदार आपल्या साबणाचं. म्हणून मांजराच्या पिल्लाचं तेच चित्र कधी शाबासकीवर दिसतं, कधी दोऱ्याच्या जाहिरातीवर.

आपल्याकडच्या ट्रंकेत मात्र जास्त करून निघतात ती मँचेस्टरच्या कापडाची तिकिटं. ताग्याच्या दर्शनी घडीवर चिकटवलेली, सोनेरी भुकटी लावलेली, देवदेवतांची किंवा राजांची. वाचता न येणाऱ्या गिऱ्हाईकाने चित्र ओळखून तोच माल पुन्हा मागावा, हा हेतू. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला. त्याच्या छापील लक्ष्मी-सरस्वतीची नक्कल तुमच्या तिकिटावर असेल तर ते त्याआधीचं असू शकत नाही. बडोदेकरांनी ही नक्कल लक्ष्मीविलास राजवाड्यातल्या मूळ तैलचित्रांशी ताडून बघावी. साडीचे रंग छापताना किती बदलले ते पाहण्यासारखं असतं.

या तिकिटांचा शत्रू आपला पावसाळा. गुळगुळीत कागदावर चिनी मातीचा लेप असतो. दमट हवेत तो मऊ होतो आणि समोरासमोर ठेवलेली दोन तिकिटं एकमेकांना अशी चिकटतात की ओढली की चित्रच फाटतं. तेव्हा प्रत्येकामध्ये आम्लमुक्त कागद घाला. हवेतला दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर टिकला की बुरशी येते. दीडदोनशे रुपयांचा दमटपणा मोजायचा काटा कपाटात ठेवा म्हणजे अंदाजाने बोलायला नको. कपाट आतल्या भिंतीला हवं, माळ्यावर नको. उन्हाळ्यात तिथली भट्टी आम्लाचं काम दामदुपटीने करते.

बक्षीसपत्र पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात ठेवा, दोन कडा उघड्या. हिराकशीच्या शाईचं असेल तर पाकिटापेक्षा आम्लमुक्त कागदाची घडी बरी. पीव्हीसीचं स्वस्त पाकीट घेऊ नका, त्यातलं तेलकट द्रव्य छपाई उचलतं. डांबरगोळ्याही नकोत. वेखंड चालेल. गुजरातेतल्या पोथीभांडारांत त्यालाच घोडावज म्हणतात आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. फक्त पूड कागदावर न भुरभुरता कापडाच्या पुरचुंडीत बांधून जवळ ठेवायची. फाटलं असेल तर जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ. फेविकॉल नको, सेलोटेप तर मुळीच नको. आधीचा सेलोटेप सोलू नका. बक्षीसपत्राची चिठ्ठी पुस्तकाच्या आतल्या पुठ्ठ्यावर डकवलेली असेल तर वाफ देऊन सोडवायची नाही. पुस्तक हाच तिचा अर्थ.

लॅमिनेशन आधीच झालं असेल तर कडा कातरू नका, इस्त्री फिरवून प्लास्टिक सोडवण्याचे प्रयोगही करू नका. दोन्ही बाजू ६०० डीपीआयने स्कॅन करा, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि मूळ कागद अंधाऱ्या, थंड जागी सपाट ठेवा. ट्रंकेतलं उरलेलं सामान अजून पस्तीवाल्याने नेलं नसेल, तर त्याला आज येऊ नको म्हणा.