बॉसचा जाच आणि तारखेची वही

कडक बॉस आणि छळणारा बॉस यांतला फरक आवाजाच्या पट्टीवरून ओळखू जाल तर फसाल. कडक माणूस सगळ्यांवरच डाफरतो, पण ते कामापुरतं असतं आणि काम सुधारलं की थांबतं. छळणाऱ्याचं थांबत नाही, कारण त्याचे नियमच फिरते असतात. सोमवारी 'मला न विचारता पाठवलंच कसं?' आणि गुरुवारी 'एवढं-तेवढं मला काय विचारता?' मीटिंगचा निरोप सगळ्यांना जातो, नेमका एकाला राहतो. दोन दिवसांचं काम संध्याकाळी सहाला हातात पडतं आणि सकाळी नऊला मागितलं जातं. यातलं एकेक सुटं सांगायला जा, ऐकणारा म्हणतो, 'यात काय एवढं?' तक्रार करणाऱ्याची पंचाईत इथेच होते.

या विषयाचा पाया घातला तो स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ हाइन्झ लायमन यांनी. त्यांची मोजपट्टी होती: आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने. पण ती संशोधनाची मोजपट्टी. तेवढे महिने सोसल्याशिवाय बोलायचं नाही, असा तिचा अर्थ नव्हे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2019 सालच्या 190 क्रमांकाच्या करारात तर एकदाच घडलेलं गैरवर्तनही छळात धरलं आहे.

तरीही वारंवारता दाखवता आली तर तक्रारीला वजन येतं, आणि त्यासाठी वही लागते. बहुतेक जण ती ठेवतात, पण अशी: 'आज पुन्हा सगळ्यांसमोर पाणउतारा केला. फार वाईट वागतात.' चौकशीत याचा काडीचा उपयोग नाही. नोंद अशी हवी:

'12 मार्च, सकाळी 10.40, मीटिंग रूम. हजर चौघे (नावं). मी आकडे दाखवत असताना साहेब म्हणाले, "एवढंही जमत नसेल तर घरी बसा." कोणता आकडा चुकला, असं विचारलं. उत्तर नाही. 11.15ला तोच अहवाल क्लायंटने मंजूर केल्याचा मेल.'

विशेषण एकही नाही. बोललेले शब्द जसेच्या तसे, आणि शेवटी पडताळून पाहता येईल असं काहीतरी. नोंद त्याच दिवशी करा; आठवड्याने एका बैठकीत लिहिलेल्या दहा नोंदी वाचणाऱ्याला लगेच कळतात. वही शिवलेली असावी, पानांवर क्रमांक घाला, पान फाडू नका, चुकलं तर एक रेघ मारून पुढे लिहा. वहीची जागा घरी. ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवलेली फाइल खातं बंद झालं त्या मिनिटाला गेली समजा.

इथे एक मोठी चूक होते. घाबरून लोक ऑफिसचे मेल घाऊक स्वतःच्या खासगी खात्यावर पाठवतात. गोपनीयतेचा भंग म्हणून तेच अंगावर येतं आणि फिर्यादीचा आरोपी होतो. त्यापेक्षा मेलची तारीख, वेळ आणि विषय वहीत उतरवा व चौकशीत तो काढायला सांगा. गुपचूप रेकॉर्डिंगचा कायदा देशोदेशी वेगळा आहे. तो पाहिल्याशिवाय बटण दाबू नका.

तोंडी हुकूम लेखी करून घ्यायला एक छोटा मेल पुरतो, बोलणं झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत: 'आत्ता ठरल्याप्रमाणे पहिला अहवाल शुक्रवारी दुपारी 3 पर्यंत देतो, दुसरा पुढच्या आठवड्यात. माझ्या समजण्यात काही फरक असल्यास कळवावे.' खोच नको, टोमणा नको. पहिल्याच मेलला वरच्यांना प्रत लावू नका. ती युद्धाची घोषणा वाटते.

समोरासमोर बोलायचं तर एकांतात आणि एकच वाक्य: 'चूक सांगा, दुरुस्त करतो, पण या भाषेत बोलू नका.' चारचौघांत उलट बोललात तर तो इरेला पेटतो आणि मूळ विषय बाजूला राहून तुमचा उद्धटपणाच चर्चेला येतो. ओरडणं चालूच असेल तर 'आपण थोड्या वेळाने बोलू' म्हणून बाहेर पडा.

एचआर कंपनीचं असतं. ते तुमचं मित्रही नाही, शत्रूही नाही. कंपनीला धोका किती, हे ते मोजतं. म्हणून तक्रार एका पानाची करा: सर्वांत ठळक पाच-सहा प्रसंग तारखेनुसार, कामावर काय परिणाम झाला ते, आणि तुम्हाला नेमकं काय हवंय. ही शेवटची ओळ बहुतेकांची राहून जाते. मग दोघांना समोरासमोर बसवून समेट केला जातो आणि तुम्ही परत त्याच टेबलाशी. 'माझं रिपोर्टिंग बदलावं', 'मूल्यमापनाला तिसरी व्यक्ती असावी' असं थेट लिहा. सहकाऱ्यांबद्दल 'हजर होते' एवढंच म्हणा. 'साक्ष देतील' हे त्यांना विचारल्याशिवाय लिहिलंत तर ऐन वेळी ते हात झटकतात. निनावी तक्रारीत तपशील विचारायला कुणी सापडत नाही, त्यामुळे ती बहुधा फायलीतच राहते.

तक्रार पोचल्याची तारखेसह पोच घ्या आणि आधीच्या मूल्यमापनांचे शेरे वहीत उतरवून ठेवा. वर्षानुवर्षं 'उत्तम' असलेला शेरा तक्रारीनंतर एकदम घसरला, तर तो सूड असल्याचं दाखवायला या दोन तारखा शेजारी ठेवता येतात. रागाच्या भरात राजीनामा मात्र देऊ नका. बऱ्याच ठिकाणी तो दिला की तक्रारही गुंडाळली जाते.