कोरडी डुबकी

डिसेंबरातल्या एका दुपारी गच्चीत ऊन खात बसलो असताना भाचीने मोबाइलवर एक अर्ज उघडला आणि माझी उंची, वजन, पोहता येते का, चष्मा आहे का, असे विचारत एकेक रकाना भरायला घेतला. येत्या जूनमध्ये आम्ही दोघांनी आइसलँडमधल्या सिल्फ्रा नावाच्या भेगेत स्नॉर्केलिंग करायचे ठरले आहे. म्हणजे तिने ठरवले आहे. उत्तर अमेरिका आणि युरेशिया यांचे भूपट्ट जिथे एकमेकांपासून दूर सरकत आहेत, तिथे ही भेग पडली आहे आणि लांग्योकुल हिमनदीचे वितळलेले पाणी लाव्हाच्या खडकांतून वर्षानुवर्षे झिरपत तिच्यात येते. ते बारा महिने २ ते ४ अंश सेल्सिअस असते आणि इतके नितळ, की १०० मीटरपर्यंतचे दिसते. माझा नंबर उणे सहा. मास्कखाली चष्मा चालत नाही, काडीच्या फटीतून पाणी शिरते. तेव्हा लेन्स लावण्याची सवय करणे आले.

थंडीचे मात्र मला भय वाटले नाही. माघात आजी मला पहाटे गंगेवर नेत असे. (नाशिककर गोदावरी म्हणत नाहीत.) रामकुंडाच्या पायरीवर उघड्या अंगाने कुडकुडत मी पाय पुढे केला, की ती दटावायची, "आधी पाणी डोक्याला लाव, पाय मग." नाक धरून बुडी मारली की पाणी चक्क कोमट लागायचे आणि वर आल्यावर पंचा सापडेपर्यंत दात वाजायचे. थंडी पाण्यात नसते, काठावर असते, असे आजीचे म्हणणे होते.

हे भाचीला सांगितले, तर ती म्हणाली, "मामा, तू भिजणारच नाहीयेस." आत लोकरी कपडे, वर ड्रायसूट, त्याच्या गळ्याला आणि मनगटांना लॅटेक्सच्या घट्ट पट्ट्या, टोपी आणि हातमोजे तेवढे ओले होतात आणि उघडे राहतात ते फक्त ओठ. एवढा खर्च करून, सातासमुद्रापार जाऊन पाण्यात उतरायचे आणि अंग कोरडे ठेवून वर यायचे, याला काय म्हणावे ते मला कळेना.

शेवटच्या माघात आजीला गंगेवर नेणे झाले नाही. तांब्यात आणलेल्या पाण्यात तिने बोटे बुडवली, आधी डोक्याला लावली, मग ओठांना, आणि म्हणाली, "झालं माझं स्नान."