हेडकाउंट

टूर मॅनेजरचं निम्मं काम मोजण्याचं असतं, हे कुणाला पटत नाही. इतिहास सांगायला ठिकठिकाणचे गाइड असतात. मी माणसं, पासपोर्ट आणि बॅगा मोजतो. वर सीट रोटेशन. बसच्या पुढच्या दोन रांगांवरून जेवढी भांडणं होतात तेवढी जेवणावरूनही होत नाहीत. म्हणून माझा तक्ता असतो: रोज प्रत्येकजण दोन रांगा मागे, शेवटचे पुढे. सहा वर्षांत त्यावरून एकही तक्रार नाही.

म्युनिकच्या त्या सकाळी एका काकूंनी मला बाजूला घेतलं. "त्या दोघांच्या शेजारी आम्हाला नको हो. आपल्यातले नाहीत ना ते." ते दोघं म्हणजे एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको. मी वाद घातला नाही. मास्तर शेवटच्या रांगेत गेले. अर्ध्या मिनिटाचं काम.

दुपारी डाखाउ. हिटलर सत्तेवर आला आणि दोन महिन्यांच्या आत, मार्च 1933 मध्ये, ही छळछावणी सुरू झाली. फाटकापाशी सेल्फी झाले. मूळ फाटक 2014 साली चोरीला गेलं आणि नॉर्वेत सापडलं, यावर प्रश्नच प्रश्न. मग हजेरीचं मैदान. इथे कैद्यांना तासन् तास उभं करून मोजायचे, असं गाइड सांगत होती आणि मी सवयीनं बोट हलवत होतो: अडतीस, एकोणचाळीस... लक्षात आल्यावर हात खिशात घातला.

कपड्यांवरचे त्रिकोण तिनं शेवटी सांगितले. तांबडा राजकीय कैद्यांचा, गुलाबी समलिंगी पुरुषांचा, जांभळा यहोवाच्या साक्षीदारांचा, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा. या जांभळ्यांपुढे एक छापील फॉर्म ठेवत. श्रद्धा सोडली, आणि कुणी तिचा प्रचार करताना दिसला तर पोलिसांना कळवीन, एवढ्यावर सही केली की सुटकेची वाट मोकळी. बहुतेकांनी केली नाही.

"मी असतो तर गोळी झेलली असती," ग्रुपमधले एक काका म्हणाले. माना डोलल्या, काकूंचीही. गोळी सगळेच झेलतात. फॉर्मबद्दल कुणी बोलेना. मी तर वर्षभर व्हिसाच्या अर्जांवर फुली मारून "इथे सही करा" म्हणणारा माणूस. मी सही केली असती का, इथवर मी पोचलोच नाही. मला आपलं टेबलाच्या अलीकडून पेन पुढे करणारा हात दिसत राहिला.

रात्री लॉबीत उद्याचा तक्ता करायला बसलो. नियमानं मास्तर पहिल्या रांगेत यायला हवे होते. तेवढ्यात ते स्वतःच आले.

"आम्हाला मागेच राहू द्या. पाय पसरता येतात."

आमच्या बसमध्ये मागे पाय पसरायला जागा नसते.

"थँक्यू, सर," मी म्हणालो.