पहिल्या पावसात 7 फळं तडकली, आणि कारण पुदिन्यानं दाखवलं

मागच्या नोंदीत गच्चीवरच्या ड्रममधल्या तीन डाळिंबांवर आंबे बहारात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलांतून, 22 फळं धरल्याचं लिहिलं होतं. शनिवारी रात्री पहिला जोराचा पाऊस झाला आणि रविवारी सकाळी गच्चीवर गेले तेव्हा 7 फळं उभी चिरलेली होती. चार महिने जपलेली फळं, अजून दीड-दोन महिने झाडावर राहायची होती. दिवसभर जेवण गेलं नाही.

हिशेब असा: ड्रम 1 (भगवा वाण) 9 पैकी 6. ड्रम 3 (गणेश वाण) 6 पैकी 1. ड्रम 2 (हाही भगवाच) 7 पैकी एकही नाही.

गेल्या वर्षी तडकण्याचं खापर मी बोरॉन या अन्नद्रव्याच्या कमतरतेवर फोडलं होतं. म्हणून यंदा फळं लिंबाएवढी असताना तिन्ही झाडांवर बोरिक अॅसिड लिटरला 2 ग्रॅम घेऊन दोनदा फवारलं. तडकणं टळलं असतं तर सगळीकडे टळायला हवं होतं. ड्रम 1 आणि 2 मधली गुटी कलमं एकाच दिवशी आणलेली, माती एकाच ढिगातली, ऊनही सारखं. मग फरक कशाचा?

आधी पाणी कमी पडल्याची शंका मी उडवून लावली होती, कारण तिन्ही ड्रमना रोज सकाळी खालच्या भोकातून पाणी येईपर्यंत पाणी देत होते. रविवारी दुपारी ड्रम 1 च्या कडेला खुरपं घातलं. रात्रभराच्या पावसानं वरची वीतभर माती चिखल झाली होती, पण मधल्या मुळांच्या गोळ्यात एका जागी माती अजून कोरडी, हाताला भुकटी लागली. मे महिन्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि लाल माती आकसून ड्रमच्या कडेपासून बोटभर सुटली होती. मी ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरत होतं आणि मी समाधानानं झारी ठेवून देत होते. महिनाभर झाड जवळजवळ पाण्याच्या ताणावरच होतं. अशा फळाची साल कडक होते, तिचा ताणला जाण्याचा गुण जातो. मग एका रात्रीत मुळांना भरपूर पाणी मिळालं, आतले दाणे फुगले आणि साल फाटली. 7 पैकी 5 चिरा नैऋत्येकडच्या बाजूला, उन्हाचा तपकिरी चट्टा पडला होता तिथूनच सुरू झाल्या आहेत. भाजलेली साल सगळ्यात आधी हार मानते.

आणि ड्रम 2? तिथे पुदिना आहे. तुमच्यापैकी तिघांनी तो उपटायला सांगितलं होतं, खत खातो म्हणून, आणि मलाही पटलं होतं. पण पुदिन्यानं माती झाकलेली राहिली, ती कडेपासून सुटली नाही. शिवाय दुपारी पुदिना मान टाकायचा, म्हणून त्या एकाच ड्रमला मी संध्याकाळीही तांब्याभर पाणी घालत होते. हे लक्षात आलं तेव्हा मी गच्चीतच खाली बसले. दोन वर्षांचा प्रश्न सुटला होता.

लगेच केलेलं काम: लोखंडी सळईनं ड्रम 1 आणि 3 च्या मातीत आठ-आठ भोकं, कडेच्या फटीत चाळलेलं शेणखत ठासून भरलं, वर चार बोटं उसाचं पाचट. झारीऐवजी आता समोरासमोर दोन ड्रिपर (थेंब थेंब पाणी सोडणारी तोंडं), ताशी 2 लिटरचे. महागडे प्रेशर कॉम्पेन्सेटिंग (दाब बदलला तरी सारखंच पाणी देणारे) ड्रिपर गच्चीच्या टाकीवर घेऊ नका, दीड मीटर उंचीचा दाब त्यांना पुरत नाही. साधे टोपणाचे घ्या, बोअरच्या क्षारानं बुजले की उघडून धुता येतात. दोन काट्यांचं ओलावा मीटरही मी बाजूला ठेवलं, मातीतल्या क्षारांमुळे ते कोरड्या मातीलाही ओली म्हणतं. बांबूची काडी वीतभर खोचून दहा मिनिटांनी काढायची, ती खरं सांगते.

आता तडकलेल्या फळांबद्दल. दाणे फिकट आणि आंबट निघाले. आईनं ते ठेचून आमटीत चिंचेऐवजी घातले, चव छान आली. सालं मात्र फेकली नाहीत. आजी वाळलेल्या सालीचा तुकडा खोकल्याला तोंडात धरायला द्यायची, तेवढी मूठभर बरणीत ठेवली. बाकीची वाळून 170 ग्रॅम भरली, ती रंगाला. रात्रभर भिजवून तासभर उकळली, गाळली, तुरटीत भिजवलेला सुती पंचा त्यात घातला. काय पिवळा आलाय! सोन्यासारखा नाही, जुन्या हळदीच्या फडक्यासारखा, शांत. सुती कापडावर रंग धरायला एरवी हिरडा लागतो, तो लागला नाही, सालीतच टॅनिन (तुरट द्रव्य) भरपूर असतं. दुसरा तुकडा गंजलेले खिळे आणि गूळ तीन आठवडे मुरवलेल्या पाण्यात बुडवला, तो डोळ्यांदेखत करडा-हिरवा होत गेला. मला वाटतं कच्च्या फळाची साल पिकलेल्यापेक्षा जास्त गडद देते. पिकलेली हाती आली की शेजारी शेजारी रंगवून बघेन.

पुढच्या वर्षी तिन्ही झाडं मृग बहारावर (जून-जुलैच्या फुलांवर) न्यायची, म्हणजे पक्व होताना फळावर पाऊस येणारच नाही, असं वरचं लिहीपर्यंत ठरलं होतं. पण मृगात कोवळी फळं ऐन पावसात सापडतात आणि तेल्या रोगाला तेच हवं असतं. हस्त बहार (सप्टेंबर-ऑक्टोबरची फुलं) घ्यावा तर त्याआधी पाणी तोडून द्यायचा ताण आणि पानगळ गणपतीच्या आसपास येते, आणि पत्रीसाठी डाळिंबाची पानं आमच्या गल्लीत माझ्याकडूनच जातात. त्यामुळे फक्त गणेश मृगावर नेऊन बघते. हा वाण 1936 मध्ये फळबाग तज्ज्ञ डॉ. चीमा यांनी आळंदीच्या रोपांतून इथेच गणेशखिंडीत निवडलेला, म्हणून पुण्याच्या हवेत त्याच्यावर माझा भरवसा जास्त. दोन्ही भगवा आंबे बहारावरच राहतील, पाचटाखाली, आणि नैऋत्येच्या फळांना एप्रिलपासून कापडी पिशव्या.

उरलेली 15 फळं आज सकाळपर्यंत अखंड आहेत. काल पुन्हा रात्रभर पाऊस होता. पुदिन्याच्या काड्या ड्रम 1 आणि 3 मध्ये लावल्या आहेत, दोन फुटल्यासुद्धा.