जांभळ्या शिंजिराचा जांभळा रंग

फाल्गुनात अजिंक्यताऱ्याच्या उतारावरचे पळस फुलले की पक्ष्यांच्या फोटोंसाठी मी सातारा सोडून कुठे जात नाही. पानं झडून गेलेली असतात, फांद्या फुलांनी लगडलेल्या असतात, त्यामुळे पक्ष्याला लपायला जागाच नसते. बुलबुल, साळुंक्या, कोतवाल सगळे येतात. मला मात्र जांभळा शिंजीर, फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी, हवा होता, आणि तोही त्याच्या खऱ्या रंगात.

झाडाखाली उभं राहून वर कॅमेरा धरला तर तो काळा कुळकुळीत येतो. मागे उजळ आभाळ असतं, हे एक. पण खरी मेख त्याच्या पिसांत आहे. विणीच्या काळात नराच्या अंगावर जी निळी-जांभळी झळाळी दिसते ती नुसत्या रंगद्रव्याची नसते. पिसांच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश उलटतो तेव्हा ती उमटते. ऊन आपल्या पाठीकडून त्याच्यावर पडलं तर रंग चमकतो. त्याने मान जराशी वळवली की तीच जागा हिरवट दिसते, आणखी वळवली की काळी.

म्हणून आधी पक्षी नाही, झाड शोधलं. किल्ल्यावर जाणारा रस्ता चढत जातो. एका वळणावर खालच्या पळसाचा शेंडा बरोबर नजरेच्या पातळीवर येतो आणि सकाळचं ऊन पाठीवर असतं. तिथे कठड्याला टेकून सुरुवातीला कॅमेरा बंद ठेवूनच नुसतं पाहिलं. शिंजीर फुलाशी क्षणभर भिरभिरतो, पण बहुतेक वेळा देठाला पकडून बसूनच मध पितो. पुन्हा पुन्हा त्याच घोसांवर येतो. दोन घोस हेरले, ३०० मिमीची लेन्स तिथे रोखली, शटरचा वेग १/१६०० सेकंदावर ठेवला. शिंजीर कधीच स्वस्थ नसतो, त्यामुळे याहून कमी वेग मला पुरत नाही. तो यायच्या आधीच फोकस फुलावर असायला हवा, तो आल्यावर शोधत बसायला वेळ मिळत नाही. एका फ्रेममध्ये त्याच्या काखेजवळचा केशरी-पिवळा तुराही आला. मादीसमोर मिरवतानाच तो नीट दिसतो. त्या फोटोचा आनंद मला अजून आहे.

हळद्याचं गणित वेगळं. त्याचा पिवळा रंग रंगद्रव्याचा, त्यामुळे कुठूनही पाहा, पिवळाच. पण गर्द पानांत बसलेला असला की कॅमेरा काळोख मोजून उजेड वाढवतो आणि पिसांचे बारकावे पुसले जातात. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, उणे २/३ वर नेलं की सगळं परत दिसू लागतं. त्याच्यासाठी मी वड-उंबराखाली थांबतो.

पक्ष्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावून त्याला बोलवायचं, हे मला मान्य नाही. प्रतिस्पर्धी आला असं समजून नर खाणंपिणं सोडून भांडायला धावतो. फोटो मिळतो, पण त्याची किंमत तो मोजतो. घरट्याचंही तसंच. कोळ्याच्या जाळ्यांनी विणलेली शिंजिराची लोंबती पिशवी घराच्या अंगणातही सापडते. ती हाताच्या अंतरावर असली तरी मी तिथे लेन्स नेत नाही. माणूस जिथे पुन्हा पुन्हा डोकावतो तिथे कावळ्याचंही लक्ष जातं, आणि आई-बाप पिल्लांना भरवायला यायचे थांबतात.