टकळीवरचे आठ आठवडे: सगळी भानगड पेळूची

टकळीवर, म्हणजे हाताने फिरवायच्या चातीवर, सूत कातायला सुरुवात केली तीच चुकीच्या कापसावर. घराजवळच्या मेडिकलमधून गुंडाळीतला कापूस आणला, कारण तो स्वच्छ दिसत होता. जखमेवर लावायच्या या कापसातला नैसर्गिक मेणाचा अंश काढून टाकलेला असतो आणि तंतूही आखूड असतात. ओढला की सुटतो, आणि सुटला की टकळी फरशीवर. आई शेजारी गेजवस्त्रं करत बसली होती. पंधराव्या-सोळाव्या खणखणाटाला म्हणाली, "अगं, यापेक्षा तुझ्या तोंडाची टकळी बरी होती."

मग रविवार कारंजावरून वातींचा कापूस आणला. सूत निघालं, पण इथे सुतळी, तिथे केस, आणि केस तिथे तुटलेलं. पीळ आधी बारीक जागी धावतो, जाड जागेपर्यंत पोचतच नाही. त्यामुळे बारीक भाग पिळून कडक होतो आणि जाड भाग पोकळ राहून सुटत जातो. महिनाभर मला वाटत होतं की माझा डावा हात आंधळा आहे. हात वाईट होताच, पण पेळूतच, म्हणजे कातायला हातात धरायच्या कापसाच्या वळीतच, गाठी असतील तर हाताने करायचं तरी काय?

हे कळलं जळगावच्या मावसभावाने अर्धा किलो कापूस सरकीसकट पाठवला तेव्हा. पोळपाट उपडा ठेवून त्यावर कापूस, त्यावर बारीक लोखंडी सळई दाबून लाटायची. सरकी पुढे ढकलली जाते, रुई मागे राहते. दीडशे ग्रॅम कापसाला एक अख्खी दुपार गेली आणि हाती रुई आली पन्नास ग्रॅम. तीन भागांतला एक भाग, बाकी सरकी. शिवाय तळहाताला फोड.

पिंजायला बांबूची धनुकली केली आणि तिला बॅडमिंटनच्या रॅकेटची तात लावली. तात रुईला जेमतेम टेकवून छेडायची. दाबली की रुई तिच्याभोवती गुंडाळते आणि मग कात्रीच लागते. जमलं की मात्र गाठी सुटून रुईचा नुसता धूर होतो. तो पाटावर पसरून स्वेटरच्या सुईवर गुंडाळायचा, सुई काढून घ्यायची, झाला पेळू. पहिले दहा मी पोळीसारखे दाबून लाटले आणि ते टकळीवर हलेचनात. सैल हवेत, हातात धरल्याचं जाणवू नये इतके.

त्या सैल पेळूंवर पहिल्यांदा धागा न तुटता हातभर आला. मी श्वास धरून बसले होते.

आता आकडे. कातलेलं सूत खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लडी करते, एक वेढा बरोबर एक मीटरचा बसतो. वजन सराफ बाजारात मैत्रिणीच्या दुकानातल्या सोन्याच्या काट्यावर केलं (गिऱ्हाइकांची करमणूक झाली). पाचव्या आठवड्यातली लडी ७२ मीटर, ९ ग्रॅम. हजार मीटरची एक गुंडी, आणि किलोत जितक्या गुंड्या तितका नंबर, या खादीच्या हिशोबाने ८ नंबर. आठव्या आठवड्यातली १४० मीटर, १० ग्रॅम, म्हणजे १४ नंबर. बारीक सूत म्हणजेच चांगलं सूत असं मी मानत नाही, पण यात गाठी खरोखरच कमी आहेत.

कच्ची लडी पाण्यात टाकली तर बदकासारखी तरंगली. मेण! चिमूटभर धुण्याचा सोडा आणि साबण घालून तासभर उकळली. पाणी चहाच्या रंगाचं झालं, लडी बुडाली, आणि स्वतःभोवतीच गुरफटणारा पीळ बसला.

सध्या फाल्गुन. दुपारच्या कोरड्या हवेत धागा पटापट तुटतो, म्हणून कातणं सकाळी आणि पिंजणं उन्हात. पावसाळ्यात दमट रुई तातीवर उघडणारच नाही, तेव्हा जूनच्या आत पेळूंचा एक डबा भरून ठेवायचाय. कुणी पेळू चार महिने न दाबता ठेवले असतील तर कसे, ते सांगा.

दुपदरीचा पहिला प्रयत्न वाया गेला. दोन धागे एकत्र पिळताना टकळी उलटी फिरवायची असते, मी सवयीने सुलटीच फिरवली आणि जिलब्या पडल्या. आजोबांचा पेटी चरखा माळ्यावरून काढलाय, पण त्याची माळ (चाकावरून चातीला फिरवणारी दोरी) घसरते. नवी वळायला माझंच सूत वापरणार होते. तेवढ्यात १४ नंबरी लडीतला चार हात तुकडा आईने फुलवातींच्या पुड्या बांधायला नेला.