सुताराचं अनोळखी जुनं हत्यार सापडलं की आधी गंज घासू नका

कोरडा ब्रश मारा, बस. सॅंडपेपर लावलात तर पात्यावरचा छाप आणि झिजेच्या खुणा जातात, आणि ओळख पटते ती त्यांच्यावरूनच.

चौकोनी दांडी आणि तिच्यावर सरकणारा ठोकळा दिसला, तर ते रेघ आखायचं गेज. पण कोणतं? दांडीच्या टोकाकडे भिंगातून बघा. एकच टोकदार खिळा असेल तर साधं मार्किंग गेज. शेजारी शेजारी दोन खिळे, त्यातला एक सरकणारा, म्हणजे सालासाठी (लाकडात सांधा बसवायला पाडतात त्या चौकोनी खाचेसाठी) दोन समांतर रेघा एकदम आखायचं. खिळ्याऐवजी पाचरीने धरलेलं चपटं छोटं पातं असेल, तर ते लाकडाच्या तंतूंना आडवी रेघ कापण्यासाठी. तिथे खिळा तंतू फाडतो, रेघ केसाळ येते. पाचर हरवलेली असली की लोक या गेजला मोडकं समजतात, तेवढं बघा.

पकडीसारखं दिसतं, पण जबड्यात दांडू आणि फिरणारी गोल चकती? ते करवतीचे दात एकाआड एक डावी-उजवीकडे वाकवायचं. चकतीवरचे आकडे बहुधा इंचातल्या दातांचे असतात. दाताचा वरचा अर्धा भागच वाकवायचा. मुळापासून वाकवलात तर दात तुटतो.

रंध्याचं पातं तळाच्या पूर्ण रुंदीइतकं, अगदी दोन्ही कडांपर्यंत असेल, तर तो लाकडाच्या कडेला पायरी काढायचा रंधा. लाकडी असेल तर त्याचे छिलके बहुधा बाजूच्या भोकातून बाहेर पडतात.